युरोपातल्या जुन्या रेड वाइन : जमवणं, जपणं आणि चाखणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लंडनमधली आम्ही सात-आठ मराठी माणसं महिन्यातून एकदा जमतो आणि एखाद-दुसरी जुनी बाटली उघडतो. त्या बैठकांबद्दल लिहायला लागल्यापासून पुणे, नाशिक, फ्रँकफर्ट, न्यू जर्सी अशा ठिकाणांहून प्रश्न येत राहिले, आणि बरेचसे तेच ते. म्हणून ते एका जागी लावून ठेवले आहेत. सोप्यापासून अवघडाकडे जातील असा क्रम आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे खरं का?

नाही. बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन संपवावी अशीच केलेली असते. ती दहा वर्षं ठेवली तर फळाचा स्वाद निघून जातो आणि आंबटसर, पोकळ पाणी उरतं. लोणच्याची कैरीच कोवळी आणि मीठही कमी, तर बरणी कितीही चांगली असली तरी ते वर्षभर टिकत नाही. वाइनचंही तसंच. मुरायला आत काही असावं लागतं : सालींतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा म्हणजे टॅनिन, भरपूर आंबटपणा, आणि या दोघांना पुरून उरेल इतकं फळ.

२. बाटलीत मुरते म्हणजे आत नेमकं काय होतं?

फ्रान्सच्या बोर्दो भागातली कोवळी रेड वाइन तोंडात घेतली की हिरडा चावल्यासारखी जीभ आवळते. ते टॅनिन. वर्षानुवर्षं हे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटत जातात, मोठे आणि जड होतात, आणि शेवटी तळाशी साका होऊन बसतात. म्हणून रेड वाइन जुनी होताना मऊही होते आणि फिकीही होते. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरला की कडेचा रंग दिसतो : आधी जांभळा, मग माणकासारखा लाल, मग विटकरी.

वासही बदलतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि सुकलेल्या फळाचा, चामड्याचा, तंबाखूचा, ओल्या पालापाचोळ्याचा, अळंबीचा वास पुढे येतो. हे सगळं होण्यासाठी बुचातून येणारी अगदी नाममात्र हवा पुरते. त्याहून जास्त हवा शिरली तर वाइन मुरत नाही, मरते.

३. नक्की कुठल्या रेड वाइन मुरतात? सुरुवात कुठून करू?

फ्रान्समध्ये बोर्दो, बर्गंडी आणि उत्तर ऱ्होन. बोर्दोत नदीच्या डाव्या काठावर काबर्ने सोव्हिन्यों जास्त, उजव्या काठावर मर्लो. बर्गंडीत मुख्यतः पिनो न्वार. उत्तर ऱ्होनमधल्या एर्मिताज आणि कोत-रोती या भागांत सिरा. नाशिकच्या बाटलीवर जिला शिराझ म्हणतात तेच हे द्राक्ष. इटलीत पिएमोंते भागातली बारोलो आणि बार्बारेस्को, दोन्ही नेब्बिओलो द्राक्षाच्या. आणि तोस्कानातली ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो, सांजोवेझेची. स्पेनमध्ये रिओहा आणि रिबेरा देल दुएरो, दोन्हीकडे मुख्यतः तेंप्रानिल्यो.

सुरुवात रिओहा ग्रान रेझेर्वाने करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. नियमानेच ती किमान ५ वर्षं मुरवून विकतात, त्यांतली किमान २ वर्षं लाकडी पिंपात. म्हणजे मुरवण्याचं अर्धं काम वाइनरीने आपल्यासाठी केलेलं असतं, आणि त्याच वयाच्या नावाजलेल्या बोर्दोच्या मानाने किंमत कितीतरी कमी. मला स्वतःला जुन्या वाइनची गोडी लागली ती अशाच एका १९९४ च्या रिओहाने. पहिल्या घोटाला नारळाच्या वडीची आठवण झाली. तो वास अमेरिकन ओकच्या पिंपाचा, हे मागाहून कळलं.

४. १८५५ ची ती बोर्दोची यादी अजून मानायची का?

माहीत हवी, तिच्यावर विसंबू नये. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाइन करणाऱ्या घरांची ही यादी केली, आणि निकष होता बाजारभाव. पाच श्रेण्या. पहिल्या श्रेणीत लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रिऑन. मूतों रोथशिल्ड १९७३ मध्ये वर आली. पहिल्या श्रेणीत एवढा एकच बदल झाला. ओ-ब्रिऑन सोडली तर यादीतल्या सगळ्या रेड मेदोक भागातल्या. उजव्या काठावरच्या पोमेरोल भागाचं नावच नाही, त्यामुळे आज अफाट किमतीला जाणारी पेत्र्यूस कुठल्याच श्रेणीत नाही. शेजारच्या सेंत-एमिलिओं भागाची यादी वेगळी, १९५५ पासूनची. पाचव्या श्रेणीतली काही घरं आज दुसऱ्या श्रेणीच्या तोडीची वाइन करतात आणि खिशाला तीच परवडतात.

५. बर्गंडीच्या बाटल्यांवर एकच नाव असतं आणि किमतीत दहापट फरक. का?

कारण मळा एक आणि मालक अनेक. क्लो द वूजो हा भिंतीने वेढलेला मळा सुमारे ५० हेक्टरचा आणि मालक ८० च्या आसपास. कुणाची जमीन चढावर, जिथे पाण्याचा निचरा चांगला. कुणाची खाली रस्त्यालगत, जड मातीत. कुणी छाटणीत काटेकोर, कुणी नाही. लेबलवर मात्र सगळ्यांना क्लो द वूजो ग्रां क्र्यू (म्हणजे सर्वोच्च दर्जाचा मळा) लिहिता येतं. देवगड हापूस म्हटल्यावरही आपण बाग कोणाची हे विचारतोच. बर्गंडीत आधी उत्पादकाचं नाव वाचा, मग मळ्याचं, आणि साल, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष, सगळ्यांत शेवटी.

६. कुठलं साल घ्यावं? पाठ करण्यासारखी यादी आहे का?

बोर्दोसाठी १९६१, १९८२, १९९०, २०००, २००५, २००९, २०१०, २०१६. बारोलोसाठी १९७८, १९८९, १९९०, १९९६, २००१, २०१०, २०१६. रिओहासाठी १९६४, १९९४, २००१, २००४. एवढी लक्षात राहिली तरी खूप झालं.

पण साल हे त्या भागाच्या हवामानाचं आहे, सगळ्या युरोपाचं नाही. १९९१ च्या एप्रिलमध्ये बोर्दोत कडाक्याचं हिमदव पडून कोंब जळाले आणि पीक गेलं. त्याच वर्षी उत्तर ऱ्होनमध्ये चांगली वाइन झाली. आणि वाईट सालातली नीट सांभाळलेली बाटली, थोर सालातल्या उन्हात तापलेल्या बाटलीला सहज हरवते. म्हणून प्रश्न ९ या प्रश्नाहून महत्त्वाचा आहे.

७. किती वर्षं ठेवायची? वेळ झाली हे कळतं कसं?

अंदाजे सांगायचं तर चांगली श्रेणीबद्ध बोर्दो १५ ते ३० वर्षं, बारोलो १५ ते २५, बर्गंडी ग्रां क्र्यू १२ ते २५, रिओहा ग्रान रेझेर्वा सालापासून १५ ते ३०. थोर सालांत याच्या पुढेही. बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून एकाच वाइनच्या तीन तरी बाटल्या घ्या. पहिली लवकर उघडा. तुरटपणा अजून हिरड्यांना धरत असेल तर दुसरी पाच वर्षांनी. बारोलोच्या बाबतीत एक सावधगिरी : नेब्बिओलोचा रंग लवकर विटकरी होतो, तुरटपणा मात्र तसाच राहतो. रंग पाहून ती तयार झाली असं समजू नका.

मॅग्नम म्हणजे १.५ लिटरची बाटली सावकाश मुरते, कारण वाइन दुप्पट पण बूच आणि वरची हवा जवळपास तितकीच. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली त्याच कारणाने लवकर.

८. ठेवायची कशी? घरातला फ्रिज चालेल का?

१२ ते १४ अंश सेल्सियस, वर्षभर सारखं. हवेत ७० टक्क्यांच्या आसपास ओलावा. अंधार. बाटली आडवी, म्हणजे वाइन बुचाला लागून राहते आणि बूच आक्रसत नाही. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. कायम १६ अंश असलेलं तळघर चालेल. उन्हाळ्यात २६ आणि हिवाळ्यात ८ होणारं गॅरेज चालणार नाही, कारण वाइन फुगते, आकसते आणि दर खेपेला बुचावाटे थोडी हवा आत ओढते.

जेवणाचा फ्रिज ४-५ अंशांवर आणि कोरडा. त्यात आठवडाभर ठीक, वर्षभर नाही. इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी सोय अशी की बाँडेड गोदामात वार्षिक भाड्याने पेटी ठेवता येते, आणि बाहेर काढेपर्यंत ड्यूटी आणि व्हॅट लागत नाही. शिवाय तिथली नोंद पुढे विकताना कामी येते.

९. जुनी बाटली लिलावात किंवा दुकानात घेताना काय बघू?

पहिला प्रश्न विचारा : ही बाटली आजवर कुठे राहिली? मूळ खरेदीची पावती, गोदामाची नोंद, एकाच घराच्या तळघरातून निघाल्याचा पुरावा, यांतलं काहीतरी हवं. विकणारा या प्रश्नावर घुटमळला तर मी पुढे जात नाही, लेबल कितीही मोहाचं असो.

मग वाइनची पातळी. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात. पातळी मानेत असेल तर उत्तम. ३०-४० वर्षांनी खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत उतरली तर स्वाभाविक. खांद्याच्या मध्यावर आली तर धोका, तिच्याखाली असेल तर घेऊ नका. बर्गंडीच्या बाटलीला खांदे नसतात, तिथे बुचाखाली किती सेंटिमीटर रिकामं आहे ते मोजतात. जुन्या बाटलीत चार-पाच सेंटिमीटरपर्यंत चालतं. बूच वर उचललेलं असेल किंवा बुचावरच्या धातूच्या टोपणाखालून ओघळ दिसत असेल तर बाटली कधीतरी तापली आहे. याउलट ओलाव्याने बुरसटलेलं, फाटकं लेबल पाहून मला बरं वाटतं. दमट तळघरात राहिल्याची ती खूण.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका विक्रेत्याकडून १९८२ ची बोर्दो घेतली. लेबल कोरं करकरीत, पातळी खांद्याच्या मध्यावर. मी लेबलकडे पाहिलं आणि पातळीकडे काणाडोळा केला. उघडल्यावर काकवी आणि शिळ्या सुक्या मेव्याचा वास आला, आणि सहा जणांचे सहा ग्लास तसेच राहिले.

१०. बनावट बाटल्या खरंच इतक्या असतात का?

महागड्या नावांमध्ये असतात. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतल्या दोमेन पोंसो या वाइन घराण्याच्या क्लो सेंत-दनी मळ्यातल्या १९४५ ते १९७१ सालांच्या बाटल्या आल्या. अडचण एवढीच की पोंसो घराण्याने त्या मळ्याची वाइन करायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली. लोराँ पोंसो स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि त्या बाटल्या लिलावातून काढायला लावल्या. त्या आणणारा रूडी कुर्नियावान २०१२ मध्ये पकडला गेला, घरात छापलेली लेबलं सापडली, आणि २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

आपल्यासारख्यांच्या बजेटमधल्या बाटल्या, म्हणजे रिओहा, साधी बारोलो, खालच्या श्रेणीतली बोर्दो, यांची नक्कल करणं सहसा कुणाला परवडत नाही. लाफीत किंवा रोमाने-कोंती स्वस्तात मिळते आहे असं कुणी सांगितलं तर मात्र तिथेच थांबा.

११. जुनं बूच नेहमी तुटतं. उघडायची पद्धत काय?

दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. उघडताना हलवू नका, गिरकी देऊ नका. टोपण बाटलीच्या गळ्याच्या कडेखाली कापा. बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी असेल. घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

चाळीस वर्षांचं बूच भिजलेल्या पावासारखं असतं. साधा मळसूत्री स्क्रू मधून घातला तर मधलाच गाभा घेऊन वर येतो. त्यासाठी आह-सो नावाचा दोन पात्यांचा चिमटा वापरा. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत सरकवायचं, मग आखूड, मग डावीकडे-उजवीकडे किंचित डोलवत दोन्ही आत. पुढे गोल फिरवत हळूहळू वर. दाबायचं मात्र जपून, सैल बूच आत पडतं. तरीही तुकडे पडले तर स्वच्छ मलमलीतून गाळा. कॉफीचा कागदी फिल्टर नको, त्याचा वास वाइनला लागतो.

१२. डिकँट करायची की नाही? किती आधी?

डिकँट करणं म्हणजे बाटलीतली वाइन दुसऱ्या भांड्यात ओतणं. त्यात दोन वेगळी कामं आहेत. कोवळ्या वाइनला हवा द्यायची म्हणून दोन-तीन तास आधी ओतून ठेवतात. जुन्या वाइनचा फक्त साका वेगळा करायचा असतो, तोही वाढण्याच्या जरा आधी. मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा धरा, एकाच संथ धारेत ओता, मध्ये थांबू नका. शेवटी शेवटी उजेडात धुराच्या रेघेसारखा साका मानेकडे सरकताना दिसतो. तो दिसला की हात थांबवा. तळाची दोन-तीन बोटं वाइन सोडून द्यायची. तिचा मोह धरला तर तोंडात चहाचा चोथा आल्यासारखं होतं.

अपवाद जुन्या बर्गंडीचा. ती इतकी नाजूक की मी ती थेट बाटलीतून, हलक्या हाताने ग्लासात ओततो. चाळीशी ओलांडलेली वाइन कधीकधी तासाभरात मावळते, म्हणून माणसं जमल्याशिवाय बूच काढू नका.

१३. चव घेताना सगळे ब्लॅककरंट, सीडार म्हणतात. मी ती फळंझाडं पाहिलीही नाहीत. मला काय कळणार?

सगळं कळतं, शब्द आपले वापरले तर. आमच्या बैठकीत कोवळ्या सिराला जांभूळ आणि मिरी म्हणतात. टॅनिन तीन प्रकारचं : कच्च्या केळ्याचं, सुपारीचं आणि कोऱ्या चहाचं. बारोलोच्या वासाला इंग्रजीत डांबर आणि सुकलेला गुलाब म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्यातल्या एकीने पहिल्याच वासाला डोळे मिटून "गुलकंदाची बरणी" म्हटलं, आणि मला आजवर त्याहून नेमका शब्द सापडलेला नाही. मुरलेल्या बोर्दोत पेन्सिलीला टोक करताना येणारा वास असतो, तोच तो सीडार. मुरलेल्या बर्गंडीत पाऊस पडून गेल्यावर जांभ्या दगडाच्या गड्ग्यावरच्या शेवाळाचा.

पद्धत साधी. ग्लास एक तृतीयांशच भरा. न हलवता एकदा वास घ्या, मग फिरवून. घोट तोंडात क्षणभर फिरवा, गिळा, आणि चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. थोर वाइनची मिनिटभर राहते. दहा मिनिटांनी हेच पुन्हा करा, कारण जुनी वाइन ग्लासात बदलत राहते. एका बाटलीत सहा-सात जणांना पुरेसं मिळतं, त्याहून जास्त जण बोलावू नका. ग्लास कपाटातून काढून आधी हुंगा. डांबराच्या गोळ्यांचा वास काचेला धरून राहतो.

१४. बिघडली आहे की हाच तिचा स्वभाव, हे कसं ओळखू?

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास येत असेल आणि फळ गायब असेल, तर बुचातल्या टीसीए या रसायनाचा दोष. हवेने तो जात नाही, वाढतोच. भाजलेल्या बदामाचा किंवा कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा शिरली. शिजवलेल्या जॅमचा वास म्हणजे बाटली तापली. व्हिनेगरचा झणका थोडा असेल तर जुन्या वाइनमध्ये चालतो, नाकाला बोचला तर नाही.

पण उघडल्या उघडल्या येणारा कोंदट वास, बंद वाड्याचं दार उघडल्यासारखा, हा दोष नव्हे. पंधरा-वीस मिनिटं द्या. कित्येक बाटल्या आम्ही ओतून टाकायच्या बेतात होतो आणि त्या अर्ध्या तासात फुलल्या.

१५. आपल्या जेवणाबरोबर चालते का?

जुनी वाइन आणि तांबडा रस्सा एकत्र नको. तिखटाने जीभ भाजली की तीस वर्षांत तयार झालेलं काहीच कळत नाही, आणि तिखट टॅनिनला आणखी कडवट करतं. आम्ही मीठ-मिरी लावून मंद आचेवर भाजलेली मटणाची रान (मागची मांडी) करतो, किंवा लोण्यावर परतलेली अळंबी. अळणी पद्धतीचं सौम्य मटण, खोबरं-कांद्याचं वाटण न घालता, रिओहाबरोबर छान लागतं. शाकाहारी मंडळींसाठी शाकाहारी असं लेबल असलेलं मुरलेलं चीज. तापमान १६ ते १८ अंश ठेवा. "खोलीच्या तापमानाला वाढा" हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. मुंबईत बाटली आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

१६. भारतात नेऊन ठेवता येईल का?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला सामानात २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. नेल्यावर लगेच उघडू नका; प्रवासात साका ढवळला जातो, तीन-चार आठवडे स्वस्थ पडू द्या. वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील तर वाइनचा वेगळा कूलर लागेल, आणि वीज गेली तर इन्व्हर्टरही. नागपूरच्या मे महिन्यात एक आठवडा बंद पडलेला कूलर वीस वर्षांचं काम संपवतो. मी स्वतः प्यायच्या तेवढ्याच नेतो.

१७. गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

या पानावर त्याचं उत्तर नाही असंच समजा. बोर्दो पिंपात असतानाच आगाऊ विकतात, त्याला आं प्रिमर म्हणतात, आणि बाटली साधारण दोन वर्षांनी हातात येते. पुष्कळ सालांच्या बाबतीत तीच वाइन नंतर त्याच किंवा कमी भावात मिळालेली आहे. प्यायला आवडेल तीच घ्या.

१८. जन्मसालाची बाटली द्यायची आहे, पण ते साल वाईट निघालं. काय करू?

भाग बदला. १९७७ मध्ये फ्रान्सच्या रेड फसल्या, पण पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट त्या सालची थोर मानतात. पोर्ट गोड आणि जास्त मद्यांशाची, त्यामुळे खूप टिकते. १९८४ ची बोर्दो टाळा, त्या वर्षी मर्लोचा मोहोर गळला होता. १९९१ साठी प्रश्न ६ पाहा.

१९. बाबांनी १९९६ साली पॅरिसहून आणलेली बोर्दो शोकेसमध्ये उभी आहे. किती किंमत येईल? पिता येईल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. किंमत येणार नाही, कारण उजेडात, उभी आणि उन्हाळ्यांत राहिलेली बाटली कुठलाही जाणकार घेत नाही. पिऊन अपाय होत नाही. बिघडलेली वाइन आंबट, बेचव होते, विषारी होत नाही. डोंबिवलीच्या घरातून आलेली अशीच एक बाटली आम्ही उघडली होती. रंग चहासारखा, वास काकवीचा. पण कडेला, अगदी पुसट, सुक्या अंजिराचं काहीतरी उरलं होतं, आणि ज्यांच्या वडिलांची ती होती त्या ताईंनी आपला ग्लास शेवटपर्यंत संपवला.

अजून दहा वर्षं ठेवून ती सुधारणार नाही. बाबा असतील तर त्यांच्या हातून उघडून घ्या. बूच कोरडं आणि ठिसूळ असेल, तेव्हा प्रश्न ११ मधला चिमटा आणि मलमल जवळ ठेवा, लेबल हवं असेल तर बाटली धुऊन जपून ठेवा, आणि त्या दिवशी जेवणासाठी दुसरी एक ताजी बाटली आणून ठेवा.